ग्रंथालयातील आर.एफ.आय.डी. टॅग व त्यांची समान नोंदपद्धती

सावरगाव हे नाव आपल्याला प्रिय आहे. परंतु ते आपल्या एकट्याच्या मालकीचे नाही. जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा व दुसऱ्या काठी सावरगाव अशी आपण आपल्या गावाची ओळख देतो. पण सीमेपलीकडे नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातही एक सावरगाव आहे, आणि पुढे महाराष्ट्रभर याच नावाची गावे कितीतरी सापडतील. तेव्हा पाकिटावर नुसते ‘सावरगाव’ लिहिले, तर टपालवाल्याने ते पत्र कोठे न्यावे? ही अडचण साऱ्या देशाची होती. एका नावाची अनेक गावे, पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या, आणि ज्याची त्याची लिहिण्याची तऱ्हा निराळी. केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर उपाय योजला, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड सुरू झाला. पांढुर्ण्याचा ४८०३३४, सौंसरचा ४८०१०६.

या आकड्यांची खुबी ते आकडे असण्यात नाही. कोणता आकडा कोणत्या जागी लिहावयाचा आणि त्या जागेचा अर्थ काय, हे सर्वांनी एकदा ठरविले आणि सर्वांनी पाळले, यात ती आहे. एका कचेरीने जिल्ह्याचा आकडा आधी लिहिला असता व दुसरीने टपाल कार्यालयाचा, तर सहाचे साठ आकडे करूनही पत्र पोचले नसते. प्रस्तुत लेखात हाच विचार पुस्तकांना लावून पाहावयाचा आहे. आपल्या ट्रस्टच्या वाचनालयातील पुस्तकांना आर.एफ.आय.डी. टॅग लावावेत की नाही, अशी चर्चा सभासदांत चालू आहे. कोणाचे यंत्र घ्यावे, दर काय, याबद्दल पुष्कळ बोलले जाते. टॅगवर लिहावयाचे काय आणि कोणत्या क्रमाने, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही; आणि माझ्या मते प्रथम विचार त्याचाच व्हावयास हवा.

प्रथम टॅग म्हणजे काय ते पाहू. पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस चिकटवावयाचा हा एक पातळ कागदी तुकडा असतो. त्याच्या पोटात धातूच्या तारेचे सपाट वेटोळे असते आणि त्या वेटोळ्याला जोडलेली, तिळाएवढी किंवा त्याहूनही बारीक अशी एक चिप असते. त्यात बॅटरी नसते. वाचक-यंत्र आपल्याभोवती रेडिओ लहरींचे क्षेत्र निर्माण करते, वेटोळ्याला त्यातूनच वीज मिळते, चिप जागी होते आणि आपल्याजवळची माहिती सांगते. ग्रंथालयांत ज्या टॅगांचा वापर रूढ आहे, त्यांच्या लहरींची वारंवारता १३·५६ मेगाहर्ट्‌झ असते. बारकोडला उजेड लागतो व तो यंत्रासमोर धरावा लागतो. टॅगला तसे काही लागत नाही. पाचसहा पुस्तकांची चळत टेबलावर ठेवली की सर्वांची देवघेव एका दमात होते. दारातील कमान न नोंदलेले पुस्तक बाहेर जात असता आवाज करते, आणि हातात धरावयाचे यंत्र कपाटापुढून फिरविले की वार्षिक मोजदादीचे दिवसांचे काम तासांवर येते. वाचकाचा वेळ वाचवा, असा डॉ. रंगनाथन यांचा १९३१ सालचा दंडकच आहे. त्या दृष्टीने हे यंत्र उपयोगी यात शंका नाही.

परंतु चिपची स्मरणशक्ती फार थोडी असते. पुष्कळ ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या चिपमध्ये वापरणाऱ्यास अवघे ११२ बाईट मिळतात, म्हणजे साध्या रोमन अक्षरांची ११२ अक्षरे. देवनागरी किंवा उर्दू अक्षर आजच्या संगणकी लिपीत एकापेक्षा जास्त बाईट खाते. सबब पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक हे सारे टॅगवर भरण्याचा मोह धरू नये. ती माहिती ग्रंथालयाच्या संगणकातील तालिकेत असते. टॅगवर हवी ती फक्त किल्ली.

ही किल्ली कशी असावी याचा निर्णय पूर्वी ज्या त्या कंपनीने आपापल्या मर्जीने केला. एकीने दाखल क्रमांक अगदी पहिल्या बाईटपासून लिहिला, दुसरीने आधी स्वतःची खूण टाकली, तिसरीने सारे सांकेतिक करून टाकले. एकाच इमारतीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. टॅगही त्यांचे आणि यंत्रही त्यांचेच, मग बिघडते कोठे?

आपल्याच भागातील एक उदाहरण घेऊ. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या ब्रॉडगेज मार्गावर आहे. सौंसर होते नागपूर-छिंदवाडा या छोट्या लाइनवर, जिच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट. दोन्ही गाड्या आपापल्या रुळांवर चालत. सौंसरच्या डब्यात बसलेल्या उतारूला अडीच फुटांचे काही वैगुण्य जाणवत नसे. ते जाणवे नागपुरास, जेथे लहान वाघिणीतील माल उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावा लागे. २०१५ मध्ये छोटी लाइन बंद झाली व पुढे तिच्या जागी ब्रॉडगेज आली. पण त्याकरिता मार्गच नव्याने घालावा लागला आणि मधली वर्षे लोकांनी मोटारीचे धक्के खाल्ले. टॅगांचेही असेच असते. बेमेळ कळतो तो दोन ग्रंथालये जोडावयाची वेळ आल्यावर, किंवा कंपनी बदलावयाची वेळ आल्यावर. आणि तोवर हजारो पुस्तकांना ते टॅग चिकटलेले असतात.

ग्रंथालयांना हा धडा नवा नाही. अमेरिकेतील ग्रंथपालांनी १८७७ च्या सुमारास तालिकापत्राचे माप साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटर असे ठरविले. तेव्हा ते अनेकांना क्षुल्लक वाटले असेल. पण ते ठरले होते म्हणूनच १९०१ पासून वॉशिंग्टनचे लायब्ररी ऑफ काँग्रेस आपली छापील पत्रे सर्वांना विकू शकले. ती कोणत्याही गावच्या खणात बसत. आपल्याकडे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून संस्थानभर मोफत वाचनालयांची साखळी उभारली. बॉर्डनने ड्यूई व कटर यांच्या पद्धतींच्या मिश्रणातून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. संस्थानाच्या आत एकच पद्धत, हे त्या काळच्या मानाने मोठेच काम. पण देशातील बहुतेक ग्रंथालयांनी पुढे ड्यूई वा रंगनाथन यांची वाट धरली, आणि बडोद्याची पद्धत बडोद्याची म्हणूनच ओळखली गेली. चांगली पद्धत असणे निराळे, ती शेजाऱ्याशी जुळणे निराळे.

टॅगांच्या बाबतीत डेन्मार्कने पुढाकार घेऊन २००५ मध्ये राष्ट्रीय आराखडा तयार केला. नंतर आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०११ मध्ये ‘आयएसओ २८५६०’ हे मानक प्रसिद्ध केले, व त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या आहेत. त्याच्या पहिल्या भागात कोणकोणती माहिती टॅगवर लिहिता येईल याची यादी आहे. यादीत वीसहून अधिक बाबी आहेत. पण ‘मुख्य ओळखक्रमांक’ वगळता बाकीच्या बहुतेक ऐच्छिक आहेत. दुसऱ्या व तिसऱ्या भागांत ती माहिती लिहिण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत. दुसऱ्या भागाची रीत लवचिक आहे: प्रत्येक बाबीच्या आधी तिचा क्रमांक लिहावयाचा, म्हणजे ज्या बाबी हव्यात तेवढ्याच लिहिता येतात. ब्रिटन व अमेरिकेतील तज्ज्ञमंडळांनी हीच पसंत केली. तिसऱ्या भागाची रीत डेन्मार्कच्या आराखड्यावरून आलेली असून तीत प्रत्येक बाबीची जागा ठरलेली असते.

तिसऱ्या भागातील मांडणी समजण्यास सोपी आहे, म्हणून ती येथे उलगडून सांगतो. पहिल्या बाईटमध्ये दोन छोट्या खुणा असतात: मांडणी कोणत्या प्रकारची आहे, आणि पुस्तक घरी देण्याचे की तेथेच वाचण्याचे. दुसऱ्या बाईटमध्ये संचाचे एकूण भाग किती, तिसऱ्यात हा त्यांतला कितवा. त्यानंतर १६ बाईट मुख्य ओळखक्रमांकासाठी, म्हणजे आपल्या दाखल क्रमांकासाठी. पुढील २ बाईटांत ताळा असतो. आपण मुलांना गुणाकाराचा ताळा करावयास शिकवितो तसाच हा, लिहिलेले नीट वाचले गेले की नाही ते यंत्र यावरून पडताळते. मग २ बाईटांत देशाची अक्षरे, आणि शेवटी ११ बाईटांत मालक ग्रंथालयाची खूण. एकूण ३४ बाईट झाले.

आता या प्रत्येक जागेचा उपयोग पाहा. तीन खंडांचा कोश वाचकाने परत आणला आणि त्यातला दुसरा खंड घरी राहिला, तर ‘भाग किती’ व ‘भाग कितवा’ या दोन बाईटांवरून यंत्र तेथल्या तेथे सांगते. पुस्तकासोबत नकाशा वा तबकडी असेल तर तेच. मालकाच्या खुणेचे महत्त्व त्याहून मोठे आहे. दाखल क्रमांक ४५२१ आपल्या वाचनालयात आहे, तसा नागपूरच्या प्रत्येक मोठ्या ग्रंथालयातही असणारच. क्रमांकाला मालकाची खूण जोडली नाही, तर ते पुस्तक पिन कोडविना सावरगावसारखेच झाले. ही खूण ठरविण्याचेही आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्याचा क्रमांक १५५११.

या ३४ बाईटांखेरीज चिपमध्ये एक वेगळी एक-बाईटची जागा असते, तिला एएफआय म्हणतात. ‘मी कोणत्या धंद्यातील टॅग’ एवढेच ती सांगते. ग्रंथालयांना ‘सी-२’ हे मूल्य नेमून दिलेले आहे. पुस्तक वाचकाच्या नावे नोंदले की हे मूल्य लिहिले जाते, आणि ग्रंथालयात असलेल्या, न नोंदलेल्या पुस्तकावर ‘०७’ ठेवण्याची चाल आहे. दारातील कमान फक्त ‘०७’ला हाक मारते, त्यामुळे वाचकाने दुकानातून आणलेल्या वस्तूवरील टॅगामुळे घंटा वाजत नाही, आणि दुसऱ्या ग्रंथालयातून रीतसर आणलेले पुस्तक पिशवीत असले तरी त्याच्यावर चोरीचा आळ येत नाही. मुलांच्या बाबतीत हे मला फार मोलाचे वाटते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दारात सर्वांदेखत थांबविले, आणि नंतर ‘यंत्राची चूक’ असे म्हटले, तरी ते मूल वाचनालयात पुन्हा किती उत्साहाने येईल, हे शिक्षकांना सांगावयास नको.

येथे एक घोटाळा दूर करणे जरूर आहे. विक्रेते ‘आमची यंत्रणा मानकांनुसार आहे’ असे सांगतात, पण कोणत्या मानकानुसार? मानके तीन पातळ्यांवर असतात. तालिकेतील नोंद कशी लिहावी, याचे मानक ‘मार्क-२१’. देवघेवीचे यंत्र व ग्रंथालयाचा संगणक यांनी आपसांत कसे बोलावे, याचे ‘सिप-२’. आणि टॅगवर काय लिहावे, याचे ‘आयएसओ २८५६०’. आणखी एक चौथे आहे, ‘आयएसओ १५६९३’. ते फक्त लहरींचे बोलणे ठरविते. टॅग १५६९३ प्रमाणे आहे याचा अर्थ एवढाच की कोणतेही यंत्र त्याचा आवाज ऐकू शकेल. भाषा कळेलच असे नाही. उर्दू येणाऱ्याने मराठी ऐकावी तसे: शब्द कानी पडतात, काही ओळखीचेही वाटतात, पण हिशेब त्यावर करता येत नाही.

समान नियम पाळले की काय साधते, ते पाहण्यास पुण्यामुंबईस जाण्याचे कारण नाही. नागपूर-बैतूल राजमार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या काचेवर फास्टॅग असतो, तोही आर.एफ.आय.डी.च. त्याची वारंवारता निराळी आहे, पण तत्त्व एकच. फेब्रुवारी २०२१ पासून तो राष्ट्रीय राजमार्गांवर सक्तीचा झाला. कोणाचा फास्टॅग एका बँकेचा, कोणाचा दुसऱ्या बँकेचा. टोलनाके निरनिराळ्या कंत्राटदारांचे. तरीही प्रत्येक नाक्यावर प्रत्येक टॅग वाचला जातो, कारण त्यावर काय लिहावयाचे हे बँकेच्या मर्जीवर ठेवलेले नाही. प्रत्येक नाक्याचा टॅग वेगळा असता, तर काचेवर टॅगांची माळ लावून फिरावे लागले असते.

ग्रंथालयांपैकी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचे नाव ही पद्धत भारतात आरंभी स्वीकारणाऱ्यांत घेतले जाते. ग्रंथालयांच्या संगणकीकरणासाठी केंद्राच्या ‘इन्फ्लिबनेट’ संस्थेने तयार केलेल्या ‘सोल’ प्रणालीत मार्क-२१ व सिप-२ यांची सोय आहे. ‘कोहा’ ही मोफत मिळणारी प्रणालीही त्यांना धरून चालते. म्हणजे तालिका व संवाद या दोन पातळ्यांवर आपली वाट बरीचशी मोकळी आहे. काळजी घ्यावयाची ती टॅगवरील नोंदीची.

कोणी म्हणेल, हे सारे मोठ्या विद्यापीठांना ठीक. आपल्या गावच्या वाचनालयाला आंतरराष्ट्रीय मानक कशाला? माझे मत नेमके उलट आहे. मोठ्या ग्रंथालयाजवळ पैसा असतो. चूक झाली तर ते पुन्हा टॅग लावून घेते. आपणांस ती चैन परवडणारी नाही. शिवाय आपली जागा पाहा. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर त्या बाजूस गेले व पांढुर्णा-सौंसर या बाजूस राहिले. आज २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे. आपली मराठी पुस्तके नागपूर-पुण्याकडून येतात, शाळेची हिंदी पुस्तके भोपाळकडून, आणि आपल्या कपाटांत उर्दू पुस्तकेही आहेत. उद्या महाराष्ट्रातील ग्रंथालयांशी पुस्तकांची अदलाबदल करावयाची झाली, किंवा मध्यप्रदेशातील एखाद्या योजनेत सामील व्हावयाचे झाले, तर आपण कोणाची पद्धत धरावी? एका राज्याची धरली तर दुसऱ्याशी तुटते. जे मानक दोघांपैकी कोणाचेच नाही व म्हणून दोघांनाही चालते, तेच सीमेवरच्या वाचनालयाने घ्यावे.

लिपीचा प्रश्नही यातच सुटतो. टॅगवर नाव नसून क्रमांक असल्यामुळे मराठी, हिंदी, उर्दू असा भेद यंत्रापुढे उरत नाही. एक बारकावा मात्र सांगतो. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, त्याची पाठ उजव्या हातास असते. त्यामुळे ‘मलपृष्ठाच्या आत डावीकडे’ अशी सूचना देऊन चालत नाही. ‘शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत, शिवणीजवळ’ असे सांगावे, म्हणजे कोणत्याही भाषेच्या पुस्तकात टॅग बरोबर जागी बसतो. तसेच पातळ बालपुस्तकांत सर्वत्र एकाच उंचीवर टॅग लावू नयेत. चळत केली की ते एकमेकांवर येतात व एकमेकांचा आवाज दाबतात. कोणात वर, कोणात मधे, कोणात खाली असे लावावेत. सोनेरी-चंदेरी वर्खाची वेष्टने असलेल्या पुस्तकांबाबतही जपावे, कारण धातू लहरींना आडवा येतो.

टॅगवर काय लिहू नये, हेही ठरवून ठेवले पाहिजे. वाचकाचे नाव, सभासद क्रमांक, फोन यांपैकी काहीही टॅगवर जाता कामा नये. हे टॅग आज अनेक मोबाइल फोनांनाही वाचता येतात. कोणी कोणते पुस्तक वाचावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. शेजाऱ्याने फोन जवळ नेऊन तो जाणून घेण्याचे कारण नाही. युरोपात ग्रंथालयांसह टॅग वापरणाऱ्या सर्वांसाठी २०१४ मध्ये खाजगीपणाच्या तपासणीचे स्वतंत्र मानकच काढले आहे.

आता आपल्या वाचनालयाने तूर्त काय करावे? माझे स्पष्ट मत असे की दोनतीन हजार पुस्तकांच्या व एका टेबलाच्या वाचनालयाला आजच टॅगांची निकड नाही. बारकोड पुरेसा आहे. पण टॅगांची तयारी बारकोडच्या वेळीच करता येते, आणि ती बिनखर्चाची आहे. दाखल नोंदवही एकच ठेवावी. मराठी, हिंदी व उर्दू पुस्तकांच्या तीन वह्या असल्या तर ‘१’ क्रमांकाची तीन पुस्तके होतात, ती मोडून सलग क्रमांक द्यावेत. क्रमांक रोमन अंकांत व अक्षरांत, सोळांच्या आत बसेल असा असावा. रद्द झालेल्या पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्यास देऊ नये. गुप्त पृष्ठावर जो क्रमांक शिक्क्याखाली लिहितो, तोच बारकोडवर व पुढे टॅगवर जावा.

टॅग घेण्याचा दिवस येईल तेव्हा करारपत्रात मोघम शब्द नकोत. ‘आयएसओ २८५६०’ एवढेच लिहून भागत नाही. दुसरा भाग की तिसरा भाग, हे लिहावे, आणि ज्यांच्याशी अदलाबदल करावयाची त्या ग्रंथालयांनी कोणता भाग धरला आहे ते आधी विचारून घ्यावे. काही चिपांना पासवर्डचे कुलूप असते. तो पासवर्ड विक्रेत्याजवळ राहिला तर पुस्तके आपली आणि किल्ली त्याची असा प्रकार होतो. तो लेखी मागून घ्यावा व चिटणीसांच्या कपाटात ठेवावा. मुख्य क्रमांकाची जागा कायमची बंद केली तरी चालेल, पण एएफआयची जागा बंद करू देऊ नये, कारण देवघेवीत ती रोज बदलावी लागते. आणि पहिली शंभर पुस्तके टॅग लावून झाली की त्यांतली पाचदहा घेऊन दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या एखाद्या ग्रंथालयात जावे व ती तेथे वाचून पाहावीत. क्रमांक, भाग व मालकाची खूण तिन्ही बरोबर आली, तरच बाकीच्या पुस्तकांचे काम पुढे चालू करण्यास सांगावे व पैशांचा पहिला हप्ता द्यावा.